गावच्या मतदानात माझं मत माझ्याच बोटानं पडू द्या: राज्य निवडणूक आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
माननीय राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग, मुंबई

सादर नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातली एक मतदार. गावात आमचं किराणा दुकान आहे, ते मी चालवते. घरची कोरडवाहू जमीन आहे, त्यात पऱ्हाटी आणि तूर असते. तिकडचं घरधनी पाहतात. मला जन्मापासून दिसत नाही. वरोऱ्याला आनंदवनच्या अंध शाळेत राहून शिकले, तिथं ब्रेल हाताला लागलं, आणि त्या सहा ठिपक्यांच्या भरवशावर आजही दुकानाची उधारी मी स्वतः टिपून ठेवते. हे पत्रही बोलणाऱ्या मोबाइलवर मीच टाइप केलं आहे. अठरा वर्षांची झाले तेव्हापासून एकही मतदान चुकवलेलं नाही.

१८ डिसेंबर २०२२ ला, रविवारी, आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक होती. सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता. म्हणजे माझ्या वॉर्डात प्रत्येकानं तीन मतं द्यायची होती, एक सरपंचासाठी आणि दोन सदस्यांच्या दोन जागांसाठी. आदल्या रात्री पुतणीनं नमुना मतपत्रिका मला पाच-सहा वेळा वाचून दाखवली. मी ब्रेलची पाटी घेतली आणि जाड कागदावर नावं टोचून काढली. सरपंचाला चार उमेदवार, शेवटी नोटा. सदस्यांच्या पहिल्या जागेला तीन, मग नोटा. दुसरीला दोन, मग नोटा. कागदाची घडी करून कनवटीला लावली आणि सकाळी थंडीतच शाळेत गेले.

आमचं मतदान केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत असतं, दुसरीच्या वर्गात. मला रांगेत थांबवलं नाही, लगेच पुढं घेतलं, दाराशी उतारही केलेला होता. त्याबद्दल तक्रार नाही. केंद्राध्यक्षांनी माझा कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "यावर काय लिहिलं आहे ते आम्हाला वाचता येत नाही. आत नेता येणार नाही." ते रागावले नव्हते. असा कागद घेऊन कोणी येईल, हे त्यांना प्रशिक्षणात कोणी सांगितलेलंच नसावं. कागद त्यांच्या टेबलावर राहिला.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवली होती. हात फिरवला तर बटनांशेजारी ब्रेलचे आकडे होते, स्वच्छ आणि उठावदार. पण कोणत्या आकड्यावर कोण उभं आहे, हे सांगणारा ब्रेलचा कागद कुठंच नव्हता. पहिल्या यंत्रावर सरपंचाचे उमेदवार होते, ते मी आठवणीनं जमवलं. दुसऱ्या यंत्रावर दोन्ही जागांची नावं एकाखाली एक लावलेली. मतपत्रिकेवर दुसऱ्या जागेचा पहिला उमेदवार एक नंबरला. यंत्रावर त्याच्या बटनाजवळ बोटाला लागतो तो पाच. मधली नोटा मी धरली होती की सोडली, तिथंच मोजणी चुकली. पुन्हा वरून सुरुवात केली. बटन दाबलं की दिवा लागतो म्हणतात, पण शिट्टी सगळी मतं दिल्यावर एकदाच वाजते. म्हणजे सरपंचाचं मत लागलं की नाही, हेही मला उभ्या उभ्या कळत नव्हतं. डोळस माणसाला दर मताची पावती दिव्यानं मिळते, माझ्या हाताखाली नुसतं थंड प्लास्टिक.

मागून आवाज आला, "बाई, सोबत कोणी असेल तर बोलवा, वेळ होतोय." माझे दीर बाहेरच उभे होते. ते त्या दिवशी एका पॅनलसाठी सकाळपासून चिठ्ठ्या वाटत होते, हे गावातल्या लेकराला ठाऊक होतं. त्यांच्याकडून फॉर्मवर सही घेतली गेली की मतदाराचं मत मी गुप्त ठेवीन. मग ते माझ्या खांद्याजवळ येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "वैनी, सांगा न लवकर, कोनतं दाबू? मांगं लय लाइन हाय."

आयुक्त साहेब, माझ्या मनात जे नाव होतं ते मी घेतलं नाही. दीर ज्या पॅनलचे, त्या पॅनलच्या दोघांची नावं घेतली. माझे दीर वाईट नाहीत. पेरणीला आमच्या वावरात पहिली बैलजोडी त्यांची येते, माझ्या बाळंतपणात रात्री दवाखान्यात तेच घेऊन गेले होते. म्हणूनच त्यांच्यासमोर दुसरं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. शिट्टी वाजली, बोटाला शाई लागलेली होतीच, मी घरी आले आणि दुकान उघडलं. त्या तीन मतांतली दोन माझी नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, घरधन्यांनाही नाही. आज उघड लिहिते आहे, कारण असं घडलेली मी एकटी असेन असं मला वाटत नाही.

आता दुसरी आठवण. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. शाळा तीच आणि दुसरीचा वर्गही तोच. त्या दिवशी टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं माझ्या हातात ब्रेलमध्ये छापलेली मतपत्रिका ठेवली. मी ती उभ्यानं वाचली, वरून खाली, एकदा आणि मग पुन्हा एकदा. आडोशामागं एकटी गेले, आकडा शोधला, बटन दाबलं, शिट्टी ऐकली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. बाहेर आले तेव्हा दीर दारातच होते, त्यांनी विचारलं, "जमलं?" मी म्हटलं, "जमलं." त्यापुढं त्यांनीही काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

दोन मतदानांत फरक एवढाच की विधानसभेचं मतदान भारत निवडणूक आयोग घेतो आणि ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद यांचं आपला आयोग घेतो. गावातल्या माणसाला हे दोन वेगळे आयोग आहेत हेच माहीत नसतं. त्याच्या लेखी निवडणूक ती निवडणूक. मग एका निवडणुकीत मला एकटीला मत देता येतं आणि दुसऱ्या निवडणुकीत दिराला हाक मारावी लागते, हे मी कोणाला कसं समजावून सांगू?

आणि गुपिताची खरी गरज कुठं आहे ते पाहा. विधानसभेला लाखांनी मतदार असतात, त्यात माझं मत कोणाकडं गेलं याचा माग कोण काढणार? वॉर्डात मात्र तीन-चारशे नावं असतात. कोण कोणाच्या ओसरीवर बसतं यावरून मतांची मोजणी आधीच झालेली असते. तीन मतांनी पडणारा असतो, समसमान मतं पडली म्हणून चिठ्ठी टाकून ठरणारा असतो. पडलेला माणूस रात्री बसून एकेक घर मोजतो आणि कुठं दगा झाला ते शोधतो. घरकुलाच्या यादीत नाव, रोजगार हमीचा मस्टर, नळाची जोडणी, रहिवासी दाखला, सगळ्याची वाट ग्रामपंचायतीतून जाते. पुढची पाच वर्षं रोज तोंड बघायचं असतं. अशा ठिकाणी माझ्यासारखीचं मत चार पावलांवर बसलेल्या पोलिंग एजंटांच्या कानावर पडेल अशा बेतानं घेतलं जातं. माझ्या समजुतीनं ब्रेलची मतपत्रिका सगळ्यांत आधी ग्रामपंचायतीला यायला हवी होती. ती सगळ्यांत शेवटी येते आहे, किंवा अजून आलेलीच नाही.

कायदा आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, तरी लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ११ मी मोबाइलवर अनेकदा ऐकलं आहे. त्यात भारत निवडणूक आयोगाचं नाव आहे आणि त्याच वाक्यात राज्य निवडणूक आयोगांचंही आहे. सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत आणि निवडणूक प्रक्रियेचं सगळं साहित्य त्यांना सहज समजेल, वापरता येईल असं असावं, ही जबाबदारी दोघांवर सारखीच टाकलेली आहे. 'सगळं साहित्य' म्हटल्यावर मतपत्रिका त्यात आलीच, मतदार यादीही आली. राज्यघटनेच्या २४३ के या अनुच्छेदानं पंचायतींच्या मतदार याद्या तयार करण्याची आणि निवडणुका घेण्याची देखरेख, निर्देशन आणि नियंत्रण आपल्याकडं दिलेलं आहे. २००६ मध्ये किशनसिंह तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्थानिक निवडणुकांच्या बाबतीत राज्य निवडणूक आयोगाचे अधिकार भारत निवडणूक आयोगाइतकेच आहेत. अधिकार सारखे आणि कलम एकच, तर ब्रेलचा कागद आमच्या गावापर्यंत यायला काय आडवं येतं?

मतपत्रिकेच्या रंगांचंही बोलायला हवं. आपल्या निवडणुकांत एका माणसाला दोन-तीन मतं द्यायची असतात, म्हणून जागेनुसार रंग ठरवलेले आहेत. अनुसूचित जातीच्या जागेला गुलाबी, जमातीच्या जागेला हिरवा, नागरिकांच्या मागास प्रवर्गाला पिवळा, सर्वसाधारणला पांढरा आणि सरपंचाला फिकट निळा. अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईलाही त्यावरून जागा ओळखता यावी, म्हणून ही रीत चांगलीच आहे. प्रचारात कार्यकर्ते तेच सांगतात, "निळ्यावर अमुक, पिवळ्यावर तमुक." पण ज्यानं निळा आणि पिवळा कधी पाहिलेलाच नाही, त्याच्यासाठी या रंगांच्या जोडीला काय आहे? दोन जागांच्या मध्ये बोटाला लागेल अशी एक आडवी पट्टी चिकटवली तरी माझी मोजणी चुकली नसती. औषधाच्या बाटलीला आम्ही घरी रबर गुंडाळतो, खोकल्याची एक आणि तापाची दोन रबरं. तेवढंच काम आहे.

खर्चाचं आणि वेळेचं म्हणाल तर माघारीनंतर मतदानापर्यंत थोडेच दिवस उरतात आणि वॉर्ड हजारोंनी असतात, हे मला कळतं. सगळ्या वॉर्डांना कागद लागणार नाही. जिथं अंध मतदार आहे तिथंच लागेल. आठ-दहा नावांचा कागद मी स्वतः पाटीवर दहा-पंधरा मिनिटांत टोचून देऊ शकते. तालुक्याच्या ठिकाणी ब्रेल येणारे दोन जण दोन दिवस बसवले तर अख्ख्या तालुक्याचं काम उरकेल. विदर्भात असं काम करणारे हात नाहीत असं कोणी म्हणू नये. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली माला पापळकर जन्मांध आहे, ती २०२४ मध्ये एमपीएससीची परीक्षा पास झाली. आम्ही वाचतो, लिहितो, आणि विचारलंत तर कामालाही येऊ.

मात्र ब्रेल सगळ्यांना येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या गावात मोतीबिंदूनं किंवा साखरेनं म्हातारपणी नजर गेलेली बरीच माणसं आहेत, त्यांची बोटं आता ठिपके शिकणार नाहीत. त्यांच्यासाठी केंद्रावर उमेदवारांची यादी आवाजात भरून ठेवता येईल. साधा मोबाइल, त्याला कानात घालायची वायर, आणि क्रमानं जागा, आकडा, नाव, चिन्ह. दोनदा ऐकलं की माणूस स्वतः जाऊन बटन दाबू शकतो. ज्याला तरीही सोबती हवा त्यानं तो जरूर घ्यावा. तो कोण असावा हे मात्र मतदारानं ठरवावं, रांग लांबली म्हणून केंद्राध्यक्षांनी सुचवू नये. उमेदवार, त्याचा एजंट, त्या दिवशी चिठ्ठ्या वाटणारा कार्यकर्ता यांना सोबती होऊ देऊ नये. विधानसभेच्या नियमांत सोबती अठरा वर्षांवरचा हवा आणि एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतो, एवढं तरी स्पष्ट आहे. गावात हे कोणी तोंडानं विचारत नाही, फॉर्म पुढं सरकवला की सही होते.

आणखी एक. केंद्रावर माझ्याशी कोणी बोलत नाही. बोलतात ते माझ्या सोबतच्या माणसाशी. "यांना कोणाला द्यायचं आहे?" मी समोर उभी असते. आमच्याच विदर्भातल्या गुलाबराव महाराजांची नजर तान्हेपणी गेली होती, त्यांना सगळे प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि त्यांच्या समाधीपुढं हात जोडतात. मतदानाच्या दिवशी मला तेवढा मान नको, फक्त प्रश्न मला विचारा.

आता यादीविषयी. तिथंच अर्धी लढाई हरली जाते.

ग्रामपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही, हे मला गावात मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओंनी समजावलं. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२ प्रमाणं आपण जो दिवस ठरवाल त्या दिवशीची विधानसभेची यादीच घेतली जाते आणि ती वॉर्डांत फोडली जाते. नवं नाव घालणं, मेलेल्याचं काढणं आपल्या हातात नाही. ते सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर फॉर्म भरून तिकडंच करावं लागतं. पण फोडताना झालेल्या चुका आपले अधिकारी दुरुस्त करू शकतात. नाव चुकीच्या वॉर्डात गेलं असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असून वॉर्डाच्या यादीतून गळलं असेल, तर हरकत घेता येते. आमच्या घरात हेच झालं. २०२२ च्या प्रारूप यादीत घरधनी वॉर्ड एकमध्ये आणि मी वॉर्ड तीनमध्ये, घर एकच. पुतणीनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची यादी सहज म्हणून वाचली म्हणून कळलं. ती त्या दिवशी कॉलेजहून घरी आली नसती, तर मला मतदानाच्या दिवशी दारातच कळलं असतं.

मी माझं नाव स्वतः का तपासलं नाही, असं कोणी विचारेल. यादी इंटरनेटवर असते, ती मी उघडली होती. मोबाइल बोललाच नाही. त्या पानांवर अक्षरं नसतात, अक्षरांचे फोटो असतात. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ते पान कोरं. भारत निवडणूक आयोगाची यादीही अशीच असते, आणि मजकुराच्या स्वरूपात, शोधता येईल अशी यादी द्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फेटाळलेली आहे. मतदारांच्या माहितीचा गैरवापर होऊ नये ही काळजी मला मान्य आहे. मला गावाची यादी नकोच आहे. माझं नाव, माझा वॉर्ड, माझा अनुक्रमांक आणि माझं केंद्र एवढंच बोलणाऱ्या अक्षरांत मिळावं, प्रारूप यादी लागते त्याच दिवशी मिळावं, हरकतीचे मोजके दिवस निघून गेल्यावर नको.

गावासाठी याहूनही सोपा उपाय आहे. सातबाराचं चावडी वाचन होतं, तसं मतदार यादीचं करा. हरकतीची मुदत सुरू असताना एका संध्याकाळी, शेतावरून माणसं परतल्यावर, ग्रामपंचायतीसमोर वॉर्डावार नावं मोठ्यानं वाचली जावीत. आधी दवंडी द्यावी. मला ऐकता येईल, अक्षर न येणाऱ्यांना ऐकता येईल, आणि मेलेल्याचं नाव निघालं की चार जण तिथंच सांगतील. दोन तासांचं काम आहे.

विधानसभेच्या यादीत माझ्या नावाशी दिव्यांग अशी नोंद आहे. आठ नंबरचा फॉर्म भरून मी ती करून घेतली. त्या नोंदीमुळंच २०२४ मध्ये केंद्रावर माझ्यासाठी तयारी होती. यादी वॉर्डांत फुटते तेव्हा ती नोंद कुठं जाते? २०२२ मध्ये केंद्रावरच्या यादीत माझं नाव होतं, वय होतं, खूण नव्हती. मी येणार हे तिथं कोणाला माहीत नव्हतं. २०२५ मध्ये नगर परिषदांच्या निवडणुकीच्या वेळी आपल्या आयोगानं दुबार असण्याची शंका असलेल्या नावांपुढं दोन तारे उमटवले, हे मी बातम्यांत ऐकलं. मला त्या बातमीनं आशा वाटली. नावापुढं तारे येऊ शकतात, म्हणजे यादीत खूण करणं जमतं. मग दिव्यांगाच्या नावापुढं एक खूण आणा, केंद्रावरच्या प्रतीत तरी आणा, म्हणजे कुठं ब्रेलचा कागद पाठवायचा आणि कुठं नाही हा प्रश्न मतदानाच्या कितीतरी आधी सुटेल.

ताऱ्यांविषयी एक विनंती, हे आमच्या शेजारचं दुःख आहे म्हणून. जिवती तालुक्यात तेलंगणाच्या सीमेवर वादातली चौदा गावं आहेत. तिथल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, रेशन कार्डही दोन-दोन आहेत. ते चोर नाहीत, दोन राज्यांनी त्यांना असं ठेवलं आहे. नावापुढं खूण करताना त्या माणसांना आधी समोर बसवून विचारावं. तसंच मिरची तोडाईला जाणाऱ्यांचं. इकडची कुटुंबंच्या कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाला तेलंगणात मिरची तोडायला जातात, घराला कुलूप असतं. कुलूप पाहून 'स्थलांतरित' लिहिणं सोपं आहे. ती माणसं पावसाळ्याआधी परत येतात, तेव्हा नाव गेलेलं असतं आणि कोणी कळवलेलं नसतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग मोजले गेले. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात सिकलसेल काय आहे ते ज्याच्या घरी आहे त्यालाच विचारा. माझ्या दुकानासमोरच्या घरातली एक मुलगी सव्वीस वर्षांची आहे. वरून पाहिलं तर धडधाकट, पण दुखणं उठलं की रात्रभर तिचं कण्हणं मला दुकानाच्या मागच्या खोलीत ऐकू येतं. ती मतदानाच्या रांगेत उभी राहिली की मागच्या बाया म्हणतात, तरणीताठी पोरगी बसायला खुर्ची मागते. यादीत खूण असेल तर तिला कोणापुढं आपला आजार सांगत बसावं लागणार नाही.

शेवटी माझ्या सासूबाई. लोकसभेला, एप्रिल २०२४ मध्ये, त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. बीएलओ घरून मतदानासाठीचा बारा-ड फॉर्म घेऊन घरी आले, मग ठरल्या दिवशी पथक आलं, पुठ्ठ्याचा आडोसा ओसरीवर उभा केला, सासूबाईंनी कागदावर खूण केली, पाकीट बंद झालं. पंच्याऐंशीच्या वरच्यांना आणि चाळीस टक्क्यांपेक्षा कमी नाही एवढं दिव्यांगत्व असणाऱ्यांना ती सोय होती. त्या दिवशी त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि पथकातल्या सगळ्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. त्याआधी २०२२ च्या ग्रामपंचायतीला मात्र त्यांना बाजेवर घालून चौघांनी शाळेपर्यंत नेलं होतं. दाराच्या उतारावर बाज तिरपी झाली, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. घरून मतदानासाठी स्थानिक निवडणुकांचे नियम बदलावे लागतील आणि ते एकट्या आपल्या हातात नसेल, तर राज्य सरकारला तसं लेखी कळवा आणि ते पत्र आम्हालाही वाचू द्या. ग्रामपंचायतीची मुदत २०२७ च्या अखेरीस संपेल. सासूबाई तेव्हा नव्वदीत असतील, आणि त्या मत दिल्याशिवाय राहायच्या नाहीत.

जिल्हा परिषदेची मुदत आमच्याकडं २०२२ मध्येच संपली आणि प्रशासक आला. म्हणजे त्याही मतदानाची तयारी आपल्या कार्यालयात कधीतरी होणारच, तेव्हा एका दिवसात दोन मतं, दोन रंग, दोन यंत्रं असतील. माझी विनंती आहे की ती तयारी करताना राजुऱ्यासारख्या एखाद्या तालुक्यात आधी हे करून पाहा. ब्रेलचा कागद, आवाजातली यादी, दोन जागांमध्ये आडवी पट्टी, यादीत खूण, चावडी वाचन. केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षणात पंधरा मिनिटं आमच्यापैकी कोणालातरी बोलू द्या. मी येईन, एसटीचं तिकीट मी काढीन.

या पत्राची एक प्रत ब्रेलमध्ये टोचून टपालानं आपल्या कार्यालयाला पाठवते आहे. ती वाचायला तिथं कोणी नसेल तर निदान ती हातात घेऊन ठिपक्यांवरून बोट फिरवून पाहा. उत्तर द्याल तेव्हा सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो पाठवू नका. टाइप केलेला मजकूर पाठवा, म्हणजे आपण मला काय लिहिलं आहे ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक मतदार
तालुका राजुरा, जिल्हा चंद्रपूर